वाळूखालची दुबई

माझ्या चॅनेलवर एक व्हिडिओ आहे. त्यात १ तास ५२ मिनिटांवर मी मोठ्याने हसतो. स्क्रीनवर त्या वेळी माणसं जळत असतात. गेममधली माणसं, खरी नव्हेत. पण ज्यांनी तो गेम बनवला त्यांनी त्या जागी कोणी हसावं म्हणून तो बनवला नव्हता, हे आता मला माहीत आहे. व्हिडिओ मी अजून काढून टाकलेला नाही. का, ते पुढे येईलच.

चॅनेल म्हणजे फार मोठं काही नाही. दिवसा क्लासमध्ये मुलांना टॅली आणि एक्सेल शिकवायचं आणि रात्री गेम खेळत बडबड करायची. लाईव्हला ४०-५० जण असतात. मराठी, हिंदी आणि घरातली कोकणी, तिन्हीची खिचडी. बघणारे निम्मे आमच्याच पंचक्रोशीतले, उरलेले इथूनच गेलेले, आता शारजा-दोहाच्या खोलीत एका पलंगावर मोबाइल धरून पडलेले. रमजानमध्ये तर बहर असतो. तरावीह आटोपून साडेदहाला बसायचं ते थेट सहरीपर्यंत. सगळे जागेच असतात, कोणाला झोपायचं नसतं.

२०२३ च्या रमजानमध्ये मी 'स्पेक ऑप्स: द लाइन' घेतला. सेलमध्ये स्वस्त मिळाला आणि दिसायला नेहमीचा बंदूकबाजीचा गेम होता, एवढंच कारण. २०१२ चा गेम, बर्लिनच्या यागर या स्टुडिओने बनवलेला. कथा अशी: वाळूच्या भयंकर वादळांनी दुबई गाडली गेली आहे. कर्नल कॉनराड नावाच्या अमेरिकी अधिकाऱ्याची पलटण लोकांना बाहेर काढायला तिथे थांबली आणि तिचा संपर्क तुटला. आता कॅप्टन वॉकर दोन साथीदारांना घेऊन शोधाला निघतो, आणि वॉकर म्हणजे आपण. हुकूम साधा आहे: जिवंत माणसं सापडली की रेडिओवर कळवायचं आणि मागे फिरायचं. वॉकर मागे फिरत नाही. जोसेफ कॉनराडची काँगोवरची कादंबरी 'हार्ट ऑफ डार्कनेस' या गेमच्या मुळाशी आहे, म्हणून त्या कर्नलचं नावही तसं. हे मला नंतर कळलं. त्या रात्री मला एवढंच कळलं होतं की वाळूने भरलेल्या बसच्या काचेवर गोळी मारली की वाळू धो-धो खाली येते आणि शत्रू गाडले जातात. त्यावर चॅट खूश, मीही खूश.

आता तो १ तास ५२ मिनिटांचा प्रसंग. एका मोठ्या फाटकापाशी सैनिकांचा तळ आहे. समोर उखळी तोफ, तिच्यात पांढरा फॉस्फरस. साथीदार लुगो म्हणतो, हे नको, दुसरा मार्ग नेहमी असतो. वॉकर म्हणतो, नाही. मग आपल्यासमोर एक काळा-पांढरा पडदा येतो, वरून दिसणारा तळ. माणसं म्हणजे पांढरे ठिपके. ठिपक्यांवर नेम धरायचा आणि बटण दाबायचं. हे असं दृश्य आपण बातम्यांत बघितलेलं असतं, इतर गेममध्येही शंभरदा खेळलेलं असतं. शेवटी एका कोपऱ्यात दाटीवाटीने ठिपके दिसतात. मी म्हणालो, "अरे इथे तर सेलच लागलाय!" आणि दाबलं. तिथेच मी हसतो.

मग खाली उतरायचं. इथे गेम तुम्हाला धावू देत नाही, पाऊल जड होतं. वाटेत जळालेले सैनिक सरपटत असतात. त्यातला एक मरता मरता विचारतो की का केलंत हे, आम्ही तर मदत करत होतो. आणि पुढे त्या कोपऱ्यात कळतं की ते दाटीचे ठिपके सैनिक नव्हतेच. आसऱ्याला आणून ठेवलेली साधी माणसं होती. एका बाईने पोराचे डोळे हाताने झाकले आहेत, दोघंही तशीच जळून कोळसा झाली आहेत.

या चार मिनिटांत मी काय करत होतो? रेकॉर्डिंग आहे, खोटं बोलता येणार नाही. मालेगावच्या एका पोराने ५० रुपयांचा सुपरचॅट पाठवला होता, त्याचे आभार मानत होतो. मग कुणीतरी विचारलं की आज सहरीला काय, तर मी सांगितलं, कालची घावणं आणि चहा. मग म्हणालो, "हा चालत का नाहीये नीट? लॅग मारतोय काय?" लॅग नव्हता. मला सावकाश चालवलं जात होतं आणि मला वाटलं इंटरनेट अडकलं.

एक गोष्ट तर मला दुसऱ्यांदा बघतानाच दिसली. तोफ चालवताना त्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर वॉकरच्या चेहऱ्याचं प्रतिबिंब पडलेलं असतं. सगळा वेळ. माझ्या व्हिडिओत त्याच्या खाली कोपऱ्यात छोट्या चौकटीत माझा चेहरा आहे, हेडफोन लावलेला.

स्ट्रीम करणाऱ्याची बाजूही सांगितली पाहिजे. स्ट्रीममध्ये गप्प बसणं हा गुन्हा आहे. दहा सेकंद शांतता पडली की लोक निघायला लागतात, आकडा डोळ्यांदेखत खाली येतो. म्हणून तोंड चालू ठेवायचं. पात्रं बोलत असतात, आपण त्यांच्यावर बोलतो. आणि सबटायटल वाचायला गेलं तर चॅट वाचायचं राहतं. क्रिकेटचं समालोचन करणाऱ्याला निदान सामना बघावा लागतो. आमच्यात सामना न बघताही समालोचन चालतं. 'स्पेक ऑप्स'चं तर बरंचसं बोलणं अशा जागी आहे जिथे स्ट्रीमर हमखास दुसरं काही करतो. लोडिंग स्क्रीन घ्या. सुरुवातीला तिथे नेहमीच्या सूचना येतात, आडोसा कसा घ्यावा वगैरे. पुढे पुढे तीच जागा थेट तुम्हालाच टोचायला लागते: स्वतःला अजून हिरो समजतोस का, इथे कशाला आला होतास ते तरी आठवतं का, अशा अर्थाचं. त्या वेळात मी पाणी पीत होतो, लाईक करा म्हणून सांगत होतो. वॉकरचा चेहरा दर टप्प्यावर अधिक फाटत जातो, त्याचे हुकूम शिव्या होत जातात. मला वाटलं, ग्राफिक्स भारी आहेत.

पाण्याचा प्रसंग याहून लाजिरवाणा. शहरात उरलेल्या सगळ्यांचं पिण्याचं पाणी एका जागी साठवलेलं आहे. रिग्ज नावाचा गुप्तहेर वॉकरला घेऊन ते पाण्याचे टँकर पळवतो आणि उधळून टाकतो. त्याला हवंच असतं की कुणी वाचू नये, म्हणजे इथे काय झालं ते जगाला कळणार नाही. पुढच्या मिनिटाला तोच रिग्ज ट्रकखाली अडकतो, आग जवळ येते, तो म्हणतो गोळी घाल. मी काय केलं? पोल टाकला. 'गोळी की जळू दे?' ७१ टक्के 'जळू दे'. मी बहुमताचा मान राखला. पाण्याचं मात्र आम्हा पन्नास जणांपैकी कुणाच्याच मनात आलं नाही. आणि रात्र रमजानची. दीड तासाने अजानच्या आधी दोन तांबे पाणी ढोसून मी रोजाची नियत केली.

शेवटी कळतं की रेडिओवर वॉकरशी सतत बोलणारा कर्नल कॉनराड कधीचाच मेलेला आहे. तो आवाज वॉकरच्या डोक्यातला होता. केलेल्या कृत्याचं खापर कुणावर तरी फोडायला तो त्याला लागत होता. हे उलगडत असताना मी नवीन सबस्क्रायबरांची नावं वाचत होतो. मग म्हणालो, "एंडिंग समजली नाही भाई, पण गेम ठीक होता. दहापैकी सहा." आणि बंद केलं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझाच्या बातम्या सुरू झाल्या. त्यात ह्यूमन राइट्स वॉचचं निवेदन आलं की गाझा आणि लेबनॉनमध्ये पांढऱ्या फॉस्फरसचा वापर झाला आहे. २००९ मध्येही त्यांनी गाझाबद्दल असाच अहवाल दिला होता आणि २००४ मध्ये फलुजात अमेरिकी फौजेने ते वापरल्याचं सगळ्यांना ठाऊक आहे. हवा लागली की हे पेटतं. विझलंसं वाटलं तरी पुन्हा हवा लागली की पुन्हा पेटतं, म्हणून जखमेतही जळत राहतं. मी ती बातमी स्टेटसला ठेवली. खाली दोन ओळी लिहिल्या, रागाच्या. मनापासून लिहिल्या होत्या. आणि ठेवून झाल्यावर मला ते पांढरे ठिपके आठवले. 'सेल लागलाय' आठवलं.

त्या रात्री मी माझा व्हिडिओ पहिल्यापासून बघायला घेतला. लाईव्ह नाही, चॅट नाही. स्वतःचा आवाज तीन तास ऐकणं ही एक शिक्षाच आहे. मी इतकं बोलतो? आणि तेव्हा मला आणखी एक आवाज ऐकू आला, जो मी विसरूनच गेलो होतो. पहिल्या रात्री, ४० व्या मिनिटाच्या आसपास, मागून अब्बा विचारतात, "ही दुबई काय रे?" आणि मी मान न वळवता म्हणतो, "अब्बा, लाईव्ह चालू आहे. नंतर." दार लागल्याचा आवाज. चॅटमध्ये कुणीतरी हसणारी चार तोंडं टाकली.

माझे अब्बा १९८४ पासून २०११ पर्यंत दुबईत होते.

कोकणातल्या मुसलमान घरांत हे सांगण्यासारखं नाही, घरटी एक असतोच. ते एसीच्या डक्टचं काम करत. आधी देऱ्यात एका खोलीत नऊ जण, नंतर शेवटची काही वर्षं सोनापूरला. दुबईच्या कडेला मजुरांची जी वस्ती आहे तिला तिथली माणसं सोनापूर म्हणतात. मुंबईच्या जुन्या लोकांना या नावाचा दुसरा अर्थ माहीत आहे, तिथे सोनापूर म्हणजे स्मशान. अब्बा पहिल्यांदा तिकडे राहायला गेले तेव्हा त्यांनी फोनवर हे सांगितलं होतं आणि दादी खूप चिडली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितलं की तो दुबईचा गेम बघायचाय का. सहा महिन्यांनी आलेलं हे 'नंतर'. ते काही बोलले नाहीत, चष्मा घेऊन आले. मी रेकॉर्डिंग लावलं, माझा आवाज शक्य तितका कमी करून. गेममधले पहिले बंडखोर समोर येतात, बंदुका रोखतात, ओरडतात. अब्बा म्हणाले, "हे अरबी नाही. फारसी आहे." मी म्हणालो, काय फरक पडतो? "फरक कसा नाही? दुबईत इराणी खूप. आमच्या देऱ्यात निम्मी दुकानं त्यांची. अरबी मला थोडी येते, हे त्यातलं नाही." मग थांबून म्हणाले, "तो तुझा गोरा बघ, तोही फारसीत बोलतोय. समजावतोय त्यांना." ते खरं होतं. लुगोला फारसी येते, तो बोलणी करायचा प्रयत्न करत असतो. माझ्या व्हिडिओत ते ऐकूच येत नाही, कारण मी बसच्या काचेचं गणित समजावत असतो.

ठिपक्यांचा प्रसंग त्यांनी गप्प बसून पाहिला. मी हसलो तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाही, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. नंतर विचारलं, "ही माणसं वादळाच्या आधी निघून का नाही गेली?" मी सांगितलं, गेममध्ये तसं आहे, पैसेवाले आणि पुढारी गुपचूप निघून गेले, बाकीच्यांना काही कळू दिलं नाही. त्यांनी मान हलवली. "आमचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. सुट्टी मंजूर झाली की मिळायचे. वादळ आलं असतं तर आम्ही कपाट फोडणार होतो काय?"

या गेमवर भल्याभल्यांनी लिहिलेलं मी नंतर वाचलं. युद्धाचा गेम खेळणाऱ्यालाच तो कसा जाब विचारतो, अमेरिकेच्या हिरोपणाचं सोंग कसं फाडतो, वगैरे. बरोबरच आहे. त्यावर आक्षेपही आहे, आणि मला तो पटतो: फॉस्फरस टाकल्याशिवाय गेम पुढे जातच नाही. दुसरा रस्ता द्यायचा नाही आणि वर पापी म्हणायचं, ही कुठली रीत? काही दिवस मी स्वतःच्या समाधानासाठी हाच आक्षेप वापरला. पण कपाटातल्या पासपोर्टबद्दल कुठेच काही सापडलं नाही. गेममध्येही नाही. ती उंच शहरं ज्यांनी बांधली, थंड ठेवली, ती माणसं मागे राहिलेल्यांत असणार, एवढंच धरून चालायचं. त्यांना नावं नाहीत. वॉकरला त्याचा अपराध समजावा म्हणून ती तिथे जळायला आहेत.

वाळूचं वादळ येतं त्या भागात अब्बा सरसावून बसले. "शमाल," ते म्हणाले. तिकडच्या त्या वाऱ्याचं नाव. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. गच्चीवर काम चालू असताना शमाल सुटला. हाताला हात दिसेना. सगळे कसेबसे जिन्यात उतरले, फोरमनने डोकी मोजली तर एक कमी. तोंडाला गमछा बांधून दोघं परत वर गेले, हाका मारतायत, तोंडात वाळू. शेवटी सापडला तो, बसवायला आणून ठेवलेल्या डक्टच्या एका तुकड्यात शिरून गाढ झोपला होता. बिहारचा पोरगा, अठरा-एकोणीस वर्षांचा. वर गेलेल्या दोघांतले एक अब्बा. मी हसलो, हसण्यासारखीच गोष्ट आहे. म्हटलं, हे कधी सांगितलं नाहीत तुम्ही.

"सांगितलं होतं. कॅसेटवर."

ज्यांच्या घरचं कुणी नव्वदच्या दशकात आखातात होतं त्यांना कॅसेट माहीत असेल. फोन महाग, पत्र लिहायचा कंटाळा; मग टेपरेकॉर्डरवर बोलून कॅसेट गावी जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्यायची. साठ मिनिटांची. आधी दादीशी बोलणं, मग अम्मीशी, मग पैशाचा हिशेब, शेजारपाजाऱ्यांना सलाम. माझ्यासाठीचा भाग नेहमी शेवटी असायचा, कारण त्यात सोबत काय पाठवलंय ते असायचं. सहा-सात वर्षांचा असताना टेपचं पुढे पळवायचं बटण मला घरात सगळ्यांपेक्षा चांगलं जमायचं. आवाज चिवचिव करत पळायचा आणि मी बरोबर 'आता माझ्या राजासाठी' या जागी थांबवायचो. बाकीचं मोठी माणसं ऐकत. त्या कॅसेटी आता नाहीत. २०२१ च्या पुरात खालच्या खोलीतलं सगळं गेलं, त्यात त्याही गेल्या.

म्हणून तो व्हिडिओ ठेवला आहे. त्यात अब्बांचे चार शब्द आहेत, आणि त्यावर मी दिलेलं उत्तरही आहे.

जानेवारी २०२४ मध्ये गेम विक्रीतून काढला गेला. त्यातल्या गाण्यांचे परवाने संपले म्हणे. ज्यांनी आधी घेतला त्यांच्याकडे चालतो, नव्याने मिळत नाही. म्हणजे तुम्ही खेळा असं मी आता सांगूही शकत नाही. त्या वर्षीच्या रमजानमध्ये मी तो पुन्हा खेळलो, स्ट्रीम न करता. तरावीहनंतर अब्बा बाजूच्या खुर्चीत. ते खेळत नाहीत, बटणांच्या वाटेला जात नाहीत, पण बघतात नीट. कोण कुणाला काय म्हणालं ते त्यांच्या लक्षात राहतं, मला विचारत राहतात आणि मला सबटायटल वाचून सांगावं लागतं. त्यामुळे मीही वाचलं.

पाणी उधळल्यानंतरच्या भागाला आलो. हेलिकॉप्टर कोसळून साथीदारांची ताटातूट झालेली असते. वॉकर पोचतो तेव्हा लोकांच्या जमावाने लुगोला फासावर लटकवलेलं असतं. दोर तोडून खाली घेतात, तो वाचत नाही. जमाव चारी बाजूंनी दाटून येतो, दगड मारतो. दुसरा साथीदार ॲडम्स ओरडत असतो की गोळी घालू का. पडद्यावर कसलीही सूचना येत नाही. पहिल्या वेळी इथे मी विचारही केला नव्हता. बंदूक हातात, लोक समोर, चॅटवर 'उडव उडव'. उडवले.

अब्बा म्हणाले, "यांचं पाणी तुम्हीच सांडलंत ना?"

मी हो म्हणालो. दगड लागत होते, पडदा लाल होत होता, ॲडम्स ओरडत होता. मी थांबलो होतो, बंदूक तशीच जमावावर रोखलेली.

"अरे, हवेत मार."

मी नळी वर केली आणि हवेत गोळी झाडली. सगळे पळाले. मिनिटभरात रस्ता मोकळा. एकही मेला नाही. गेममध्ये ही सोय पहिल्यापासून होती, कुठे लिहिलेली मात्र नव्हती.

अब्बांनी घड्याळ पाहिलं. सहरीला अजून पाऊण तास होता. म्हणाले, पुढचं वाच, काय म्हणतोय तो.